फ्लॅट क्रमांक चौदा, दहा तारखेपासून रिकामा

आमचं घर रिकामं आहे, हे मला दूध आणायला गेले तेव्हा कळलं.

१९९७च्या मार्चमधला शुक्रवार होता. बहारीनच्या ईसा टाउनमधल्या आमच्या वसाहतीच्या फाटकाशी एक कोल्ड स्टोअर आहे. नाव भारदस्त असलं तरी तिथे दूध, पाव, अंडी आणि इतरांच्या घरातल्या बातम्या एवढंच मिळतं. त्याच्या शेजारच्या भिंतीवर आदल्या दिवशी खात्यानं काचेचा, कुलूपबंद फलक लावला होता आणि फलकासमोर दहा-बारा माणसं उभी होती. पुस्तकासमोर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती, आणि मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते.

फलकावर वसाहतीतल्या रिकाम्या घरांची यादी होती, वर अरबीत, खाली इंग्रजीत. बाबा ज्या खात्यात बावीस वर्षं नकाशे काढत होते, त्या खात्याची ही घरं. त्यातली काही वर्षानुवर्षं बंद असायची, आणि कुठलं घर मोकळं आहे हे ज्याला कळायचं त्यालाच ते मिळायचं. म्हणून लोकांनी अर्ज केले, की रिकामं घर सगळ्यांना दिसेल असं लावा. खात्यानं ते ऐकलं. विचार चांगला होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो. माझी तक्रार विचाराविषयी नव्हती, चौथ्या ओळीविषयी होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: फ्लॅट क्रमांक चौदा, दोन खोल्या, दहा मार्चपासून रिकामा.

मी चौदा नंबरातूनच दूध आणायला निघाले होते. गॅसवर चहाचं आधण होतं.

बाबा फेब्रुवारीत गेले. आई त्याआधी सहा वर्षं. खात्यानं मला तीस जूनपर्यंत, म्हणजे शाळेला सुट्टी लागेपर्यंत, त्या घरात राहायची लेखी परवानगी दिली होती. एवढे दिवस मला कशासाठी हवे होते, ते नीट सांगता येत नाही. बाबांचं कपाट मी अजून उघडलं नव्हतं. ते केव्हा उघडायचं हे मी ठरवणार होते, आणि घर केव्हा रिकामं झालं हेही मीच सांगणार होते. जगाकडे माझी एवढीच मागणी होती. ती फार मोठी आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

"लीना, तू इथं राहतेस ना?" मागून दत्तप्रसाद म्हणाले. ते आमच्या समोरच्या पंधरा नंबरात राहतात. मूळचे पुण्याचे, खात्यात विजेचे इंजिनियर. रोज जिन्यात भेटतात.

"हो, काका."

"मग हे चुकलंय."

"हो, काका."

"घाबरू नकोस. उद्या ऑफिस उघडलं की अर्ज दे. तीन प्रतीत. मुद्देसूद. मी मसुदा करून देतो." त्यांचा चेहरा उजळला होता. काही माणसांना दुसऱ्याच्या अडचणीत इतकं तरतरीत वाटतं, की अडचण आपण त्यांच्यासाठीच आणली असं वाटून थोडा संकोच होतो.

पण लोक उद्यापर्यंत थांबणार नव्हते. दहा वाजता पहिली बेल वाजली.

इथे आत्याविषयी सांगायला हवं. बाबांची ही थोरली बहीण राजापूरहून आली ती बाबांच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी पोचली, आणि मला एकटी ठेवायची नाही म्हणून राहिली. दुःखात माणसानं काय करायचं याचे तिचे नियम पक्के होते, आणि समाचाराला कुणी येत नाही ही तिला बहारीनची सगळ्यांत मोठी खोट वाटत होती. गावी महिनाभर ओटीवर माणसं बसलेली असायची. इथे पहिले चार दिवस सोडले तर कुणी फिरकलं नव्हतं. "कसले गो हे लोक," ती म्हणायची, "माणूस मेलं तरी फोन करून विचारतात, येऊ का म्हणून."

त्या शुक्रवारी मात्र न विचारता येऊ लागले. दारात एक नवरा-बायको आणि बायकोची सासू उभी होती. आत्यानं त्यांना पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि हाताला धरून आत नेऊन बसवलं. मी चहाच्या आधणाकडे धावले, ते आटून गेलं होतं. परत आले तोवर आत्या बाबांच्या शेवटच्या आजारात शिरली होती. त्या दिवसांत ती राजापुरात होती, पण वर्णनाला त्यानं बाधा येत नव्हती.

ती माणसं मराठी समजणारी निघाली, ठाण्याची. हे त्यांचं दुर्दैव. बाईनं दोनदा खिडकीकडे पाहिलं, तिच्या पर्समधून मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं, ते तिनं हळूच आत ढकललं. शेवटी नवऱ्यानं धीर करून विचारलं, "पाणी कसं आहे इथं?"

"कसलं पाणी," आत्या म्हणाली. "शेवटी दोन चमचे गेलं. तिसरं ओठांवरून ओघळलं हो."

जाताना सासूबाई आत्याच्या गळ्यात पडून रडल्या. त्या खऱ्याच रडत होत्या, त्यांचेही यजमान वर्षापूर्वी गेले होते. आत्यानं त्यांना नारळ नाही म्हणून संत्रं दिलं.

संध्याकाळपर्यंत अशी सात कुटुंबं येऊन गेली. एकानं मला "तुम्ही साफसफाईच्या का?" असं विचारलं. रात्री आत्या, जी बाबांना शरू म्हणायची, तृप्त आवाजात म्हणाली, "बघ, शरूला किती माणसं होती. तुला उगाच वाटत होतं." मी तिला फलकाविषयी सांगणार होते, ते राहू दिलं. तिच्या दिवसभराचं मी काय करणार होते?

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरवाटपाच्या ऑफिसात गेले. तिथले कारकून बासित श्रीवर्धनचे. बोलायला अतिशय गोड, आणि त्यामुळे त्यांच्यावर रागावता येत नाही, ही त्या ऑफिसची व्यवस्थाच असावी. त्यांनी रजिस्टर काढलं.

"बाय, यात चूक नाय. जे घर संशयातलं, तिथं साहेबांनी स्वतः फोन केला. तुमच्या घरात फोन उचलला. लिहिलेलं हाय बघा. बारा मार्च, सकाळी अकरा. घरातून उत्तर: खाली. कधीपासून: दहा."

"कुणी दिलं उत्तर?"

"लेडीज."

घरी येऊन मी आत्याला विचारलं. तिला तो फोन चांगला आठवत होता, कारण ती त्यात हिंदी बोलली होती. रजा असल्यानं मी घरी होते, आणि तेव्हा तळमजल्यावर शरीफुन्निसा चाचींचा डबा परत द्यायला गेले होते. त्या दापोलीच्या. बाबा गेल्यापासून एक दिवसाआड काही ना काही वर पाठवतात.

"मी म्हटलं त्याला, लीना खाली. तो म्हणे, खाली? मी म्हटलं, हो हो, खाली. तो म्हणे, कबसे खाली? मी म्हटलं, दस. दस झाली असतील. तू गेल्याला दहा मिनटं झालीच होती ना गो?"

पलीकडे घरवाटपाचे प्रमुख होते, बहारीनी गृहस्थ, ज्यांना सगळे बू नासर म्हणतात. त्यांना अरबी येतं आणि आखाती हिंदी येतं, आणि 'खाली' म्हणजे रिकामं याबाबत या दोन्ही भाषांचं एकमत आहे. फक्त मराठीत ते जिन्यानं उतरतं. मी आयुष्यभर भाषांविषयी बरंच वाचलं आहे, पण एका शब्दामुळे बेघर होण्याचा प्रसंग त्यात कुठे नव्हता. आत्यानं विचारलं, "माझं हिंदी कळलं ना त्याला?" मी म्हटलं, "पूर्ण कळलं."

दत्तप्रसादांचा मसुदा अडीच पानी झाला. त्यात 'खाली' या शब्दाची व्युत्पत्ती होती. बासितनं तो आदरानं वाचला आणि बाजूला ठेवला.

"हरकत घ्यायला फॉर्म हाय, बाय. पण तो अलॉटीनं भरायचा. ज्याच्या नावावर घर हाय त्यानं. स्वतः येऊन."

"बासितभाई, बाबा गेले."

"अल्ला त्यांना जन्नत देवो. मोठा माणूस." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पण मग घर खालीच झालं ना?"

"मी राहते तिथं. परवानगीचं पत्र आहे." मी प्रत पुढे केली.

"ही कॉपी. मूळ पत्र साहेबांच्या, म्हंजे तुमच्या वडलांच्या फाइलीत. आणि माणूस वारला की फाइल बंद होते. बंद फाइलीतलं पत्र चालू कसं धरणार?"

"मग फाइल उघडा."

"उघडायचा अर्ज अलॉटीनं करायचा."

भिंतीवर एसी थेंब थेंब गळत होता आणि खाली ठेवलेली बादली जवळजवळ भरली होती. बाबा असते तर हे ऐकून हसले असते, आणि घरी येऊन हाच संवाद मला दोन्ही आवाजांत करून दाखवला असता. ते नव्हते, म्हणून हा संवाद होता.

"निदान फलकावरची ओळ तरी खोडा," मी म्हटलं.

"फलकाची चावी बू नासरकडं. ते मीटिंगमधी."

ते दुसऱ्या खेपेलाही मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला ते बाहेर होते पण चावी मीटिंगमध्ये होती, म्हणजे ज्या दुसऱ्या साहेबांकडे होती ते आत होते. दरम्यान घरात माणसं येतच होती. आत्यानं त्यांच्यासाठी वेगळे कप काढले. एका केरळी कुटुंबाला तिचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी ते पाऊण तास बसले. मला वाटतं, आता वसाहतीत अशीही बातमी पसरली असावी, की चौदा नंबर बघायला गेलं की रडावं लागतं, आणि काही जण तेवढ्यासाठीच येत असावेत.

"ताबा दिसला पाहिजे," दत्तप्रसाद म्हणाले. "आता तपासनीस येणार. बाहेरून बघितलं की कळलं पाहिजे, घर भरलेलं आहे. गॅलरीत कपडे वाळत घाल."

"घालते की रोज."

"बायकांचे. पुरुषाचे घाल. पुरुष दिसला की प्रश्न येत नाहीत."

मी बाबांच्या कपाटासमोर उभी राहिले. किल्ली त्यालाच लावलेली असते. मी ती फिरवली नाही. बाहेर येऊन म्हटलं, "काका, नाही जमणार." दत्तप्रसाद माझ्याकडे न बघता "बरं बरं" म्हणाले, आणि संध्याकाळी स्वतःचे तीन बनियन आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घेऊन आले. काकूंना सांगितलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा त्यांनी आपल्या गॅलरीतून समोर पाहिलं. त्या आठवड्यात त्या माझ्याशी जिन्यात बोलल्या नाहीत.

तपासनीस मात्र आला. खालूनच पाहून गेला. त्याच्या अहवालाची प्रत आठ दिवसांनी आमच्या दारावर चिकटवलेली होती. फ्लॅट क्रमांक चौदा: रिकामा. तथापि त्यात एक अनोळखी पुरुष अनधिकृतपणे राहत असल्याचं दिसतं. बांधा स्थूल.

दत्तप्रसादांना 'स्थूल' लागलं. मला 'तथापि' आवडला.

शरीफुन्निसा चाची वर आल्या, त्यांनी तो कागद दारावरून काढला, घडी घातली आणि म्हणाल्या, "पोरी, आता एक काम कर. काही करू नकोस. ईद येतेय, चार दिवस कुणी काही करणार नाही. जरा झोप."

सगळ्या सल्ल्यांत हा एकच मी पाळला.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीचा एक माणूस, नव्या इस्त्रीचा सदरा, हातात मिठाईचा डबा. आत्या पुढे झाली. पदर, डोळे, हात धरून आत. मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "आत्या, थोडक्यात." पण हा वेगळा होता. त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही, नळाविषयी विचारलं नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि आत्या दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाला, "आजी, मी होतो तिथं. हॉस्पिटलमधी. दोनदा आलो होतो. साहेबांनी मला वळखलं."

आत्याच्या हातातला पदर सुटला. तिची इतक्या दिवसांची कथा ज्यानं प्रत्यक्ष पाहिली होती असा माणूस पहिल्यांदाच समोर बसला होता. मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, "बोलला का रे काही?"

"बोलले ना. म्हणाले, जमालुद्दीन, रजेचा फॉर्म आता तुझा तूच भर, किती दिवस मी भरू."

तो जमालुद्दीन, म्हसळ्याचा, खात्यात पाइप फिटर. त्याचे सगळे फॉर्म बाबा भरायचे, हे मला माहीत नव्हतं. आत्या मग रडली नाही. तिनं त्याला तेच परत सांगायला लावलं, तीनदा.

तासाभरानं तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथे घुटमळला. खिशातून एक पाकीट काढलं, परत ठेवलं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"राहू द्या, बाय. नंतर."

"दाखवा."

ते वाटपाचं पत्र होतं. फ्लॅट क्रमांक चौदा, फलकावरून, प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला. तारीख पंधरा एप्रिल. तीस दिवसांत ताबा न घेतल्यास वाटप रद्द, आणि नाव यादीच्या शेवटी.

"चार वर्षं नंबर लावलाय," तो म्हणाला. "घराचं पत्र असल्याबिगर फॅमिली व्हिसा मिळत नाय. बायको मसूदा आणि दोन पोरी गावी. धाकटी फोनवर मला चाचा म्हणते." तो हसला, मग घाईनं म्हणाला, "पन पत्र घेतलं तेव्हा तुम्ही राहता हे मला ठाऊक नव्हतं, काल कळलं. फलकावर खाली लिवलं होतं. तुम्ही हरकत घ्या. तुमचा हक हाय. मी चार वर्षं थांबलो, आजून थांबेन."

तो गेल्यावर आत्यानं विचारलं, "कसला कागद होता गो?" आणि मला अखेर सगळं सांगावं लागलं. फलक, फोन, खाली, दहा. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "म्हणजे ती माणसं समाचाराला नव्हती?"

"नाही."

"हा होता," ती म्हणाली, आणि कप विसळायला गेली.

ईदनंतर ऑफिस उघडलं त्या सकाळी मी जमालुद्दीनला घेऊन गेले. आश्चर्य म्हणजे बू नासर जागेवर होते आणि चावी टेबलावर होती. बासितनं त्यांना अरबीत सगळं सांगितलं. मध्ये 'खाली' दोन-तीनदा आलं, एकदा त्यांनी बोटानं जमीन दाखवली, आणि बू नासर एकदम हसू लागले, मग मला बघून थांबले. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, गलती हमारा. अभी बोर्ड पे लिखेगा, घर में एक नफर है. तीस जून तक बैठो. मफी मुश्किल."

मफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही, आणि एक नफर म्हणजे एक माणूस. आत्या धरली जात नव्हती, ती व्हिजिट व्हिसावर होती. एवढे दिवस मी हेच मागत होते, की घरात कुणीतरी आहे असं लिहा. लिहायला तयार झाले तर आकडा एवढाच होता.

"आणि यांचं?" मी विचारलं.

बासितनं मान हलवली. घर रिकामं नव्हतं असं ठरलं, की वाटपही चुकीचं ठरतं. नाव शेवटी. जमालुद्दीन खिडकीतून बाहेरच्या पार्किंगकडे बघत होता, फार लक्ष देऊन.

"दुसरा काही मार्ग?"

"एक हाय," बासित हळूच म्हणाले. "तुम्ही हरकत घेऊ नका. घर सोडायचा फॉर्म भरा. वारस म्हणून सही चालते त्याला. तारीख तुम्ही घाला. पन तीस दिवसांच्या आतली, पंधरा मेच्या आधी. मग ह्यांचं पत्र टिकतं."

हरकत घ्यायला अलॉटी लागतो, घर सोडायला वारस चालतो. हे त्यांनी पहिल्या दिवशी का सांगितलं नाही असं मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी सोडायला गेले नव्हते.

जमालुद्दीन वळला. "बाय, नको. घाई करू नका. कपाटं-बिपाटं असतात."

त्याला कपाटाविषयी कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांकडेच असतात, एवढंच. मी बासितकडून पेन मागून घेतलं आणि तारखेच्या जागी चौदा मे लिहिलं. माझं अक्षर मला परकं वाटलं.

बासितनं फॉर्म ओढून घेतला आणि उरलेले रकाने ते विचारत विचारत भरू लागले. चाव्या किती. दोन. भिंतींना भोकं किती. मोजून सांगते. मग ते थांबले.

"घर सोडायचं कारण. यातलं एक निवडायचं. राजीनामा, निवृत्ती, बदली, बडतर्फ."

"यातलं नाही."

"'इतर' बी हाय. पन त्याला दाखले लागतात, तीन प्रतीत, आणि फाइल..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बाय, बदली लिवू का? बदलीला काय लागत नाय."

बाबांनी बावीस वर्षांत एकही बदली घेतली नव्हती. दोनदा आली होती, दोनदा त्यांनी विनंती करून थांबवली, आधी माझ्या शाळेसाठी, मग आईच्या दुखण्यासाठी.

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी खूण केली आणि सवयीनं पुढचा रकाना वाचला. "बदलीचं ठिकाण?"

विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेन तसंच वर राहिलं. बू नासरही बघत होते.

"ते अजून कळवलेलं नाही," मी म्हटलं.

बासितनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून त्या अरुंद रकान्यात सावकाश लिहिलं, 'पत्ता नंतर कळवण्यात येईल', आणि शिक्का मारला. तो अर्धवट उमटला, म्हणून त्यांनी पॅडवर नीट दाबून पुन्हा एकदा मारला.